विशेष शिक्षकाचा सराव पाठ कुठे व्हावा?

तुम्ही सगळे विशेष शिक्षक घडवणारी मंडळी आहात, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. आपल्या अभ्यासक्रमात छात्राध्यापक अक्षमतेचे प्रकार शिकतो, चाचण्या शिकतो, ब्रेल किंवा सांकेतिक भाषा शिकतो, एकेका मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करायला शिकतो. यातलं काहीही कमी करून चालणार नाही. पण हा विद्यार्थी नोकरीला लागतो तेव्हा त्याला ज्या मुलासाठी काम करायचं असतं, ते मूल भरलेल्या वर्गात बसलेलं असतं. तो वर्ग दुसऱ्या शिक्षकाचा असतो. तिथे कसं वावरायचं, त्या शिक्षकाशी काय आणि कधी बोलायचं, याची तयारी आपण फारच थोडी करून घेतो. मला तीच उणीव सगळ्यात मोठी वाटते.

धोरणाची बाजू फार लांबवत नाही. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना एकत्र आल्या आणि सर्वसाधारण शाळेनेच सगळ्या मुलांना सामावून घ्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या २४व्या कलमात समावेशक शिक्षण हा हक्क आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही तिथेच सांगितली आहे. दिव्यांग व्यक्तींना शिक्षक म्हणून नेमण्याचा उल्लेखही त्याच कलमात आहे. आपल्या महाविद्यालयांनी प्रवेश देताना तो अधिक मनावर घ्यायला हवा.

आता वर्गात जाऊ. एक कर्णबधिर मुलगी पहिल्या बाकावर बसली आहे, कानाला श्रवणयंत्र आहे. शिक्षिका भूगोल शिकवताहेत. फळ्यावर नकाशा काढता काढता त्या बोलतात, म्हणजे पाठ वर्गाकडे आणि तोंड फळ्याकडे. मुलीला ओठ दिसत नाहीत. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर बाक सरकल्याचा आवाजही मोठा करतं. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उत्तर देतो, बाई ‘बरोबर’ म्हणतात आणि पुढे जातात. काय बरोबर, हे त्या मुलीला कळलेलंच नसतं.

आपला छात्राध्यापक इथे काय करतो? बहुतेक वेळा मुलीशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि तिला वहीत लिहून दाखवतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण मायकेल जियांग्रेको हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा वर्गांचं निरीक्षण करून दाखवून दिलं की मोठं माणूस सतत मुलाला चिकटून बसलं, की मूल वर्गमित्रांपासून तुटतं, मोठ्यांवर विसंबून राहतं आणि वर्गशिक्षकही त्याची जबाबदारी हळूहळू सोडून देतो. त्यांचा अभ्यास अशा मुलांना वर्गात मदत करणाऱ्या साहाय्यकांविषयीचा होता, पण शेजारी बसलेल्या विशेष शिक्षकाच्या बाबतीतही धोका तोच आहे.

त्या भूगोलाच्या तासाला खरं काम तास संपल्यावर सुरू होतं. आधी नकाशा काढा, मग वर्गाकडे वळून बोला. मुलाने दिलेलं उत्तर तुम्ही स्वतः एकदा पुन्हा म्हणा. बाईंना एवढंच सांगायचं आहे. दोन साध्या सवयी, आणि त्यांचा फायदा वर्गातल्या प्रत्येक मुलाला होतो. पण वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना हे बावीस वर्षांच्या नवख्या मुलाने सांगायचं, तेही त्यांचा मान राखून आणि तरीही स्पष्टपणे! हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून देता येणार नाही. ते कौशल्य आहे आणि सरावाने येतं. पाठ टाचणाला आपण जितका वेळ देतो, तितका या संभाषणाला दिला पाहिजे.

सहअध्यापनाचं, म्हणजे दोन शिक्षकांनी मिळून एकच वर्ग शिकवण्याचंही तसंच आहे. लिन कुक आणि मेरिलिन फ्रेंड यांनी १९९५ साली त्याचे पाच प्रकार मांडले. गट करून दोघांनी वेगवेगळा भाग शिकवणं, वर्ग अर्धा अर्धा वाटून घेणं वगैरे. आपले विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक लिहितात. प्रत्यक्षात काय घडतं? २००७ साली स्क्रग्ज, मास्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी ३२ गुणात्मक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने मदत करायची, हाच प्रकार सर्रास आढळला. मदतनिसाची दुय्यम भूमिका बहुधा विशेष शिक्षकाच्याच वाट्याला आली होती. त्यामागचं एक कारण म्हणजे विषयज्ञान. अपूर्णांकांची बेरीज कुठे अडते हे ज्याला आतून माहीत नाही, त्याला गणिताच्या वर्गात बरोबरीची जागा मिळणार कशी? म्हणून विशेष शिक्षकाला निदान एका शालेय विषयात भक्कम करा, असा माझा आग्रह आहे.

मग सराव पाठ कुठे घ्यायचे? रिसोर्स रूममधले, म्हणजे दिव्यांग मुलांना वेगळं बसवून शिकवायच्या खोलीतले पाठ ठेवा, पण सलग काही आठवडे छात्राध्यापकाला एकाच सर्वसाधारण वर्गात ठेवा आणि शक्य असेल तिथे सर्वसाधारण अध्यापक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याशी त्याची जोडी लावा. दोघं मिळून टाचण काढतील, दोघं मिळून शिकवतील. दोघांच्या वेळापत्रकात एक सामाईक मोकळा तास असावा, ही मागणी मुख्याध्यापकांपुढे कशी मांडायची, तेही शिकतील. तो तास नसेल तर सहअध्यापनाचं नियोजन मधल्या सुट्टीत जिन्यात उभ्या उभ्या होतं, आणि अशा नियोजनातून काय निघतं ते तुम्ही जाणता.

गुण देतानाही एक बदल करून पाहा. छात्राध्यापक आपला सराव संपवून परत गेला, की आठवड्याभराने परीक्षकाने त्याच वर्गात जाऊन बसावं. बाई वर्गाकडे वळून बोलताहेत का? मागच्या बाकावरचं उत्तर पुन्हा म्हणताहेत का? ती मुलगी उत्तर द्यायला हात वर करते आहे का? निम्मे गुण या पाहणीचे ठेवा.