नळी निघाल्यानंतर

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने दाखवून दिले, की शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होणे थांबवले तर प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, पसरलेला कर्करोगही मागे हटतो. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वाढलेल्या आजारावरचे उपचार आजही बव्हंशी याच पायावर उभे आहेत. वृषणे काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच करायची, किंवा ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घेत राहायचे, असे दोन मुख्य मार्ग रुग्णासमोर असतात. परिणाम जवळजवळ सारखाच असला तरी शस्त्रक्रियेचा खर्च कमी आहे, आणि गावाहून वारंवार मुंबई गाठणे ज्यांना झेपत नाही, ते बहुधा तिच्याकडे वळतात. मात्र ती कायमची असते. अनेकदा हा निर्णय मुलगा आणि डॉक्टर यांच्यातच होतो, आणि ज्याच्या देहाचा प्रश्न आहे ते वडील दाराबाहेर बाकावर फाइल सांभाळत बसलेले असतात.

यानंतर जे सुरू होते, त्याची कल्पना फार थोड्यांना दिलेली असते. भर थंडीत छातीपासून मानेपर्यंत आग उसळते, सदरा घामाने भिजतो आणि काही मिनिटांत अंगात हुडहुडी भरते. घरातली बाई हे लगेच ओळखते, कारण पाळी जाताना तिने हेच सोसलेले असते. तेव्हा तिची कोणी फारशी चौकशी केली नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. कामेच्छा ओसरते, स्नायू उतरतात, पोट सुटते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. थकवा इतका असतो, की घरचे लोक मायेने ‘पडून राहा’ म्हणतात, आणि नेमका हाच सल्ला घातक ठरतो. रोजचे झपझप चालणे आणि डॉक्टरांना विचारून केलेले वजनांचे हलके व्यायाम यांनी थकवा कमी होतो, हाडांनाही आधार मिळतो.

आजार प्रोस्टेट ग्रंथीपुरताच असेल आणि ती काढली असेल, तर अडचण वेगळी असते. एकदोन आठवड्यांनी लघवीसाठी घातलेली नळी निघते आणि खोकताना, हसताना, बादली उचलताना कपडे ओले होऊ लागतात. माणूस कीर्तनाला मागच्या रांगेत, दाराजवळ बसू लागतो. एसटीचा प्रवास टाळतो. पॅड आणायला ओळखीच्या औषधाच्या दुकानाऐवजी दुसऱ्या पेठेत जातो. पाणी पिणे कमी केले की सुटलो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात लघवी गडद होऊन मूत्राशयाला अधिकच त्रास होतो. बहुतेकांची गळती काही महिन्यांत, कधी वर्षभरात, बरीच आटोक्यात येते. त्यासाठीचा व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी मांडला होता. चारचौघांत वायू अडवताना जो स्नायू आत ओढला जातो, तोच आवळायचा, काही क्षण धरायचा आणि तितकाच वेळ सैल सोडायचा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ताठ करायच्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या आधीच हा सराव शिकवला तर उत्तम.

लिंगाच्या ताठरतेविषयी मात्र तपासणीच्या खोलीत ना रुग्ण बोलतो, ना बरेचदा डॉक्टर. ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या मज्जातंतूंना वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत अमेरिकी शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये वापरात आणली, तरीही मज्जातंतू सावरायला दोन वर्षेसुद्धा लागू शकतात, आणि वय जास्त असेल तर ताकद पूर्वीइतकी परत येईलच असे नाही. ताठरतेसाठीच्या गोळ्या उपयोगी पडतात; पण संप्रेरक बंद झाल्याने गेलेली इच्छा त्या परत आणत नाहीत. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने त्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. डॉक्टरांशी बोलायची लाज वाटते म्हणून परस्पर दुकानातून गोळ्या आणणाऱ्याला हा धोका कोणीच सांगितलेला नसतो.