हरभऱ्याच्या मुळाशी

या हरभऱ्याला पेरून दीड महिना झाला आहे. काळ्या जमिनीतून रोप ओढले की गाठी मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्याने भोवतालची माती सैल करून ते अलगद उचलले आहे. धुतलेल्या मुळांवर मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतात. त्यांतली एक नखाने फोडली तर आत गुलाबी रंग आहे; ती गाठ काम करीत असल्याची ही खूण आहे.

हवेत सुमारे 78 टक्के नत्र असूनही पिके नत्रावाचून पिवळी पडतात, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध कोणत्याही वनस्पतीला स्वतः तोडता येत नाही. विजेच्या उष्णतेने तो तुटतो व पावसाबरोबर थोडे नायट्रेट जमिनीत उतरते. परंतु निसर्गातील हे काम मुख्यतः जिवाणूच करतात.

हरभऱ्याच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये ओळखून मेसोरायझोबियम जिवाणू मूलरोमांतून आत शिरतात आणि तेथे गाठ तयार होते. गाठीत नायट्रोजिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) नत्राचे अमोनियात रूपांतर करते. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात, आणि ही ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून येते. अडचण अशी, की ऑक्सिजनने हे विकर निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी तोच ऑक्सिजन हवा असतो. तो बेताने पोहोचवण्याचे काम लेगहिमोग्लोबिन करते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे भावंड आहे आणि गुलाबी रंग त्याचाच आहे.

डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1888 साली हॉलंडमध्ये गाठींतील जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्याकडील शेतकरी ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’, म्हणजे हरभऱ्यानंतरचे पीक चांगले येते, असे म्हणतात, तो अनुभवही याच गाठींशी जोडलेला आहे.

मात्र घाटे भरू लागले की गाठी फिक्या पडतात आणि साठलेले बरेचसे नत्र दाण्यांत जाते. जमिनीला मिळते ते मुळांतले आणि गळलेल्या पानांतले. ते कुजून अमोनिया सुटतो, नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, व पुढचे पीक ते शोषून घेते. म्हणून हरभरा विळ्याने कापणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. उपटून काढला, तर झाडाबरोबर मुळेही खळ्यावर जातात.