मी म्हणतो... मी म्हणतो काय!

नमस्कार मंडळी. आज एका कोंबड्याबद्दल बोलायचंय. आता तुम्ही म्हणाल कार्टूनमधला कोंबडा, तो बघायचा असतो, रेडिओवर त्याचं काय सांगणार? पण मला विचाराल तर या कोंबड्याची ओळख करून द्यायला रेडिओच बरा, आणि हे मला आमच्या आजीमुळे कळलं.

आमच्याकडे केबल आली तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि कार्टून लावायचं, तेव्हा सगळं इंग्रजीतच असायचं आणि आम्हाला त्यातलं निम्मं कळायचं नाही. आजी आत स्वयंपाकघरात, तिथून टीव्ही दिसत नसे, आणि इंग्रजीचा तर तिला एक शब्द येत नव्हता. बाकी काही लागलं की ती आतून ओरडायची, आवाज कमी कर गं, डोकं उठलं. पण हा एक कोंबडा होता, तो बोलायला लागला की आतून भांड्यांचा आवाज थांबायचा आणि आजी हसायला लागायची. चित्र नाही, भाषा नाही, नुसता आवाज! मी विचारलं, अगं तुला काय कळतंय? तर म्हणाली, "कळायचंय काय त्यात, अगदी आमच्या मामंजींसारखा बोलतो बघ. बाहेर बैठकीत बसून तासन्‌तास बोलायचे, आणि आम्ही बायका आत पदर तोंडात धरून."

तर त्या कोंबड्याचं नाव फॉगहॉर्न लेगहॉर्न. लेगहॉर्न ही कोंबड्यांची जात, मूळची इटलीतल्या लिव्होर्नो बंदराकडची, आपल्याकडे पोल्ट्रीवाल्यांना पांढरी लेगहॉर्न चांगली माहितीय, अंड्यांसाठी पाळतात, अंगाने हलकी आणि स्वभावाने भित्री, जरा पाय वाजला तरी फडफडणारी. आणि फॉगहॉर्न म्हणजे धुक्यात जहाजांना इशारा द्यायला वाजवतात तो भोंगा. म्हणजे नावातच सगळं आलं की हो, भित्र्या जातीचा कोंबडा आणि गळ्यात भोंगा! वर हा दिसायला पैलवान, कुत्र्यापेक्षा उंच, छाती पुढे काढून चालणार.

तो पहिल्यांदा आला १९४६ च्या ऑगस्टमध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या 'वॉकी टॉकी हॉकी' नावाच्या छोट्या फिल्ममध्ये. जेमतेम सात मिनिटांची, तेव्हा थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ना, तशातली. दिग्दर्शक रॉबर्ट मॅककिमसन, लिहिलेली वॉरन फॉस्टरने. आणि नाव बघा, वॉकीटॉकी म्हणजे महायुद्धात सैनिकांच्या हातात असायचा तो बोलायचा रेडिओ, युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं, शब्द सगळ्यांच्या तोंडी. म्हणजे नावापासूनच रेडिओ! ऑस्करसाठी नॉमिनेशनसुद्धा मिळालं होतं, बक्षीस मात्र त्या वर्षी टॉम अँड जेरीच्या पियानोवाल्या फिल्मने नेलं.

गोष्ट सांगू? हेनरी हॉक म्हणून एक एवढंसं पिल्लू असतं, शिकारी पक्ष्याचं, आपल्याकडचा शिक्रा डोळ्यासमोर आणा. त्याला काहीतरी खावंसं वाटतंय पण काय ते कळत नाही. मग बाप अगदी गंभीर होऊन, घराण्याचं जुनं गुपित फोडावं तसं सांगतो की बाळा, आपण चिकन हॉक, आपल्याला कोंबडी लागते. झालं, पिल्लू निघालं कोंबडी शोधायला. पण त्याने कोंबडी कधी बघितलेलीच नाही! आणि पोचतं कुठे, तर एका फार्मच्या अंगणात, जिथे कोंबडा आणि कुत्रा यांची रोजची मारामारी चालू आहे, कुत्र्याने कोंबड्याच्या डोक्यावर कलिंगड आपटायचं आणि कोंबड्याने त्याचं उट्टं काढायचं. मग कोंबडा काय करतो, पिल्लाला सांगतो, कोंबडी होय, तो बघ त्या खोपटात झोपलाय तो कोंबडी, मी? मी तर घोडा.

मराठीत आपण म्हणतो ना, आपलंच घोडं पुढे दामटतो. इथे कोंबडा खरोखरच स्वतःला घोडा म्हणवून घेतो आणि तेही इतक्या मोठ्या आवाजात की त्या पिल्लाला शंका घ्यायला जागाच उरत नाही. माझ्यासाठी सगळ्या फिल्ममधला सगळ्यात मोठा विनोद हाच आहे. त्याच्याकडे पुरावा नाही, शेपूट नाही, खूर नाहीत, डोक्यावर लालभडक तुरा आहे, पण आवाज आहे. आणि पिल्लू जाऊन कुत्र्याची शेपटी पकडतं.

आता हा आवाज आला कुठून ते ऐका. १९४५ मध्ये अमेरिकेत फ्रेड ॲलनचा रेडिओ शो फार लोकप्रिय होता, त्यात केनी डेलमार नावाचा नट सेनेटर क्लॅगहॉर्न म्हणून एक दक्षिणेकडचा पुढारी करायचा. तो माणूस दक्षिणेचा एवढा कट्टर की न्यूयॉर्कच्या लिंकन टनेलमधून जायलाही तयार नाही, कारण नाव लिंकनचं, ज्याने त्यांना यादवी युद्धात हरवलं! जोक करायचा आणि वर स्वतःच सांगायचा, अरे पोरा, तो जोक होता. कोंबड्याने हे सगळं उचललं. पण मॅककिमसन यांनी नंतर सांगितलंय की मुळात त्यांच्या डोक्यात दुसराच एक आवाज होता, सॅन फ्रान्सिस्कोकडच्या 'ब्लू मंडे जँबोरी' या १९३० च्या दशकातल्या रेडिओ कार्यक्रमातला शेरीफ, ज्याला कमी ऐकू यायचं. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलायचं आणि तेच तेच परत बोलायचं. "मी म्हणतो... मी म्हणतो काय" हे तिथलं!

हे वाचलं तेव्हा मला एकदम सगळं उमगलं. हा कोंबडा दुसऱ्याचं ऐकतच नाही, कारण तो ज्या माणसावर बेतलाय त्याला ऐकूच येत नव्हतं. फरक एवढाच की शेरीफला कानांमुळे ऐकू येत नव्हतं आणि कोंबड्याला स्वतःच्याच आवाजामुळे. आजीने आत बसून हेच पकडलं होतं, इंग्रजी न येता, रेडिओवर जन्मलेला माणूस होता तो, त्याला चित्राची गरज नव्हती, आणि आजीलाही ती पडली नाही.

आणि काम करायची रीतसुद्धा तशीच असते बरं का. कार्टूनमध्ये आधी आवाज रेकॉर्ड करतात आणि मग चित्रं काढतात, तोंड त्या आवाजाप्रमाणे हलवायचं असतं ना. म्हणजे आधी मेल ब्लँक माइकसमोर उभा राहिला, कोंबडाही तोच, कुत्राही तोच, पिल्लूही तोच, आणि मग त्या भांडणावरून चित्रकारांनी एकेक चित्र काढलं, सेकंदाला चोवीस फ्रेम. एकच गळा तीन जणांचं भांडण करतोय आणि आपल्याला एकदाही तसं वाटत नाही. याला काय म्हणायचं सांगा.

संगीत कार्ल स्टॉलिंगचं. हा माणूस आधी कॅन्सस सिटीत मूकपटांना थिएटरात बसून ऑर्गन वाजवायचा, पडद्यावर जे चाललंय त्याला तिथल्या तिथे साथ. नंतर वॉर्नरकडे बावीस वर्षं जवळजवळ दर आठवड्याला एका फिल्मचं संगीत लिहीत होता. पायऱ्या चढला की सूर चढले, आपटला की झांज. मी कधीकधी टीव्हीकडे पाठ करून नुसतं ऐकते, कोण कुठे पळतंय ते बरोबर कळतं.

आता दोरीबद्दल सांगायलाच हवं. कुत्रा दोरीने बांधलेला आहे. पुढे ही मालिका १९६३ पर्यंत चालली आणि त्यात हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, कोंबडा हळूच जातो, झोपलेल्या कुत्र्याची शेपूट उचलतो आणि फळीने सटासट हाणतो. मग पळतो. कुत्रा भुंकत मागे, भो भो भो भो, आणि कोंबडा एका ठिकाणी येऊन शांत उभा राहतो, कारण दोरी कुठे संपते ते त्याला इंचात माहितीये. दोरी ताणली जाते, भुंकणं मधेच तुटतं. बस, एवढंच. पण ते तुटणं! अर्धा "भो" बाहेर आलाय आणि अर्धा गळ्यात राहिलाय. किती वेळा बघितलं तरी मला हसू येतं, आणि आता येणार हे माहिती असतं म्हणून जास्त येतं. आमच्या गावी शेजाऱ्यांचा कुत्रा असाच बांधलेला असायचा आणि आजीचा कोंबडा बरोबर त्याच्या साखळीच्या बाहेर दाणे टिपायचा, त्यामुळे हे कोणीतरी खरं अंगण नीट बघून केलेलं आहे असं मला कायम वाटतं.

मला पुढचे सगळेच भाग तेवढे आवडत नाहीत, काहींमध्ये नुसती फटाफट आहे. आणि तो गुणगुणतो ते गाणं, शब्द तोंडातल्या तोंडात आणि फक्त "डू-डा, डू-डा" मोठ्याने, ते स्टीफन फॉस्टरचं १८५० चं गाणं आहे, गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करायचे त्या काळातल्या रंगमंचावरचं. ते कळल्यावर मला ते ऐकताना थोडं बोचतं, आणि बोचायला हवंच असं मला वाटतं.

पण १९५४ चा एक भाग आहे तो चुकवू नका. त्यात थंडीच्या दिवसांत कोंबड्याला एका विधवा कोंबडीच्या उबदार घरात जागा हवी असते, म्हणून तो तिच्या चष्मेवाल्या हुशार पोराला खेळायला शिकवायला जातो. पोरगं एक शब्द बोलत नाही. नुसतं गणित मांडतं. लपाछपी खेळताना कोंबडा एका पेटीत लपतो, पोरगं आकडेमोड करतं, भलत्याच ठिकाणी फावड्याने जमीन खणतं आणि कोंबडा त्या खड्ड्यातून वर येतो! कोंबडा चक्रावतो, पेटीपाशी जातो, झाकणाला हात घालतो आणि थांबतो. नको, म्हणतो, उघडायला नको, मी आत असलो तर? मंडळी, त्या एका क्षणी त्याचा आवाज खाली येतो. इतकी वर्षं जो स्वतःवरच खूश होता त्याला एका गप्प पोराने स्वतःच्या असण्याबद्दल शंका घ्यायला लावली. इतकं सुंदर लिहिलेलं मी फार थोडं बघितलंय, कार्टूनमध्येच नाही, एकूणच.

बरं, पहिल्या फिल्मचा शेवट राहिला. कोंबडा आणि कुत्रा भांडत भांडत गोठ्यात शिरतात, तिथे खराखुरा घोडा असतो आणि तो दोघांनाही हाकलतो, मग हे दोघे एक होऊन त्याच्यावर चालून जातात. आणि शेवटी बघावं तर ते एवढंसं पिल्लू तिघांनाही ओढत घेऊन निघालंय, कोंबडा, कुत्रा आणि घोडा, सगळे एकदम. यातलं कोंबडी कोण ते त्याला अजूनही माहिती नाही! यांच्यातलं एक तरी कोंबडी असणारच, म्हणतं.

पण कसं म्हणतं माहितीये? "यातलं एक, मी म्हणतो, यातलं एक तरी कोंबडी असणारच!" कोंबड्याचं बोलणं त्याने उचललंय. बारीक किनऱ्या आवाजात, पण तोच ठेका. मी हे आजीला कधी भाषांतर करून सांगितलं नव्हतं, तरी तिथे ती आतून म्हणाली होती, "अगं बाई, आता हेही तसंच बोलायला लागलं की!"