आमच्या मंडळीचा पंधरा मिनिटांचा अहवाल

नमस्कार मंडळी. संयोजकांनी ‘परदेशवारीची तयारी’ असा विषय दिलाय. मी चर्चचा पाळक, म्हणजे पास्टर. पाळक परदेशी चालला म्हटल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे अमेरिका आली असणार. मी चाललोय केनियाला. नैरोबीजवळ खेड्यांतल्या पाळकांचं शिबिर आहे, ऐन जुलैत. आमच्या गावात हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “आफ्रिका काय परदेश झाला काय, पास्टर?” आणि दुसरा, “उन्हानं करपून येताय की काय?” आता नैरोबी विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर, म्हणजे बेळगावच्या दुपटीहून उंच. जुलै हा तिथला थंडीचा महिना. आमच्या पाळकीणबाईंनी ट्रंकेतला स्वेटर धुऊन टाकलाय. खानापूर तालुक्यातल्या पावसात तो कधी वाळतो ते बघायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस कमी आणि हेलपाटे जास्त. २०२४ च्या जानेवारीपासून केनियाला जायला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. पिवळ्या तापाची लस मात्र हवीच. आपल्याकडे तो ताप नाही, पण तो पसरवणारा डास आहे. म्हणून तिकडून परतणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल तर आपलंच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, तीही ठरावीक केंद्रांवरच. लशीसाठी मी लोंढ्याहून रेल्वेनं वास्कोला जाणार आहे. दूधसागर फुकटात बघायला मिळेल.

पासपोर्टला वेळ लागला तो नावामुळे. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं माझं, वडिलांचं आणि आडनाव. रेशन कार्डावर कन्नडमध्ये आडनाव गायब आणि वडिलांचं आद्याक्षर पुढं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तिसरंच. माणूस एकच आहे हे पटवून द्यायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. चौकशीला पोलीस आले तेव्हा ओळख द्यायला शेजारचे माळकरी अण्णा पुढं झाले. ते वर्षानुवर्षं पंढरपूरला जातात, पेरणी उरकून, घर दुसऱ्याच्या भरवशावर टाकून. मला म्हणाले, “सामान कमी घ्या, आणि कुणाला काय आणू म्हणून विचारू नका.” आजवर मिळालेल्या सल्ल्यांत एवढाच कामाचा.

खरा घोळ पुढं आहे. शिबिराच्या अर्जात एक रकाना आहे: आठवड्यातले सेवेचे तास. शिवाय तिथं प्रत्येकानं आपल्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, अहवाल द्यायचाय, पंधरा मिनिटांत, छायाचित्रांसकट.

सेवेचे तास काय लिहू? रविवारची उपासना दोन तास, बुधवारी घरोघरची प्रार्थना, शुक्रवारी बायकांची सभा. हे लिहिता येतं. सिद्धरामय्या सरकारनं २०२३ च्या जूनमध्ये बायकांना बसप्रवास मोफत केल्यापासून शुक्रवारच्या सभेला शेजारच्या गावांतल्या बायकाही येतात. पाळकीणबाई फुकटात जाऊन येतात, मी तिकीट काढतो. पण गुरुवारी सकाळी एक मावशी येते, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार खात्यावर आले का ते मोबाईलवर बघून द्या म्हणते, तो तास कशात धरायचा? पंचायतीचं कन्नड पत्र आलं की मराठी शाळेत शिकलेला म्हातारा ते वाचून घ्यायला माझ्याकडे येतो. कुणाची म्हैस दूध देईना, तिच्यासाठी प्रार्थना करा. मी करतो, आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही फोन लावतो. रात्री अकराला फोन वाजला की तो बहुतेक बेळगावच्या कुठल्या तरी दवाखान्यातून असतो, आणि विचारणं असतं ते रक्ताच्या बाटलीचं.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक मयत झाली. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. खड्डा खणताना दोन हात खाली गेलं की पाझर फुटायचा. पोरं घमेल्यानं पाणी उपसायची आणि कडेची माती पुन्हा आत ढासळायची. पेटी तोवर शाळेच्या व्हरांड्यात, वर प्लॅस्टिकचा कागद. शेवटी कुणीतरी डिझेलचा पंप आणला, भाताच्या शेतावरचा. पंप चालू, त्याच्या आवाजात मी शास्त्रपाठ ओरडून वाचतोय, आणि पंपवाला मध्येच विचारतोय, “बंद करू काय, पास्टर?” बंद केला असता तर पाणी भरलं असतं. त्या दिवशीचे माझे सेवेचे तास किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

अर्जात मासिक उत्पन्नही विचारलंय. मंडळी मानधन देते, ते लिहिलं. पण पीक-सणाला लोक भात, नारळ, भोपळे, कोंबडा आणून वेदीपुढं ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. बाजारात पन्नासला मिळणारा भोपळा तिथं पाचशेला जातो, कारण दोन भावांत अबोला असतो आणि दोघंही माघार घेत नाहीत. तो पैसा मंडळीच्या खात्यात जातो. भोपळा मात्र बरेचदा आमच्याच दारात ठेवलेला सापडतो. हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

आता अहवालाकडे येतो. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. तेव्हापासून इथून तिकडं अहवाल जाताहेत. मिशनरी लिहायचे, तिकडची माणसं वाचायची, त्यावर वर्गणी जमायची. त्या वर्गणीतून इथं शाळा निघाल्या, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण त्या अहवालांत आमचे पणजोबा-खापरपणजोबा असायचे ते कसे? आधी अंधारात, मग उजेडात. मधे शेत नाही, भांडण नाही, लिलावातला भोपळा तर नाहीच. वर्गणी गोळा करायची तर तसंच लिहावं लागतं, हे मला कळतं. मला वर्गणी मागायची नाही. तरी अहवाल लिहायला बसलो की हात आपोआप त्याच वळणावर जातो: गरीब गाव, गळकं छप्पर, थोडेसे पण विश्वासू लोक. हे खोटं नाही, पण कुठून तरी उसनं घेतल्यासारखं वाटतं.

म्हणून मी छायाचित्रं मंडळीपुढंच ठेवली. रविवारी उपासनेनंतर भिंतीवर एकेक दाखवत गेलो. गळक्या छपराचं चित्र आलं तशी मागच्या बाकावरची एक आजी उठली. “गळतंय ते आम्ही आपसात बघू. त्यांना कशाला? आमचं शेत दाखवा, रोप लावताना.” एक तरुण म्हणाला, “आजी, गळतंय तर गळतंय की. लपवायचं काय त्यात? त्यांचीबी गळत असतील.” मग जुंपली. बायकांचं म्हणणं, आमचे फोटो चिखलातले नकोत, नव्या साड्या नेसतो, परत काढा. खजिनदार म्हणाले, छपराचा अंदाजखर्च आपण काढलाय, तो कागदही दाखवा, म्हणजे आपण हात जोडून बसलेलो नाही हे कळेल. तास गेला. पाळकीणबाईंचा चहा दोनदा गरम झाला.

ठरलं ते असं: छप्पर दाखवायचं, पण खजिनदारांच्या कागदासह. शेत दाखवायचं. साड्यांचा फोटो येत्या रविवारी, पाऊस उघडला तर. मयतीचं सांगायचं की नाही यावर एकमत झालं नाही. त्या घरचा मुलगा “सांगा” म्हणतो, त्याची आई “नको” म्हणते. त्या दोघांशी मी या आठवड्यात पुन्हा बोलणार आहे. मी नसताना उपासना घ्यायला आमच्या अंगणवाडीच्या बाई तयार झाल्यात, आणि रात्रीचे फोन त्यांच्याकडे वळवायचे कसे ते त्यांचा मुलगा मला शिकवतोय.