काळजी म्हणते मी तिला

मैत्रिणींनो, माझी लेक अकरावीत आहे. उंब्रजहून कऱ्हाडला रोज एसटीने जाते. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. यंदा तिने तो पास एकटीने काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "फोटो नीट नाही आला." दुसरं काही बोलायचं सुचलंच नाही मला. याची खंत अजून आहे.

दहावीपर्यंत रोज सकाळी मी तिच्या दोन वेण्या घालायचे. ती पाटावर, मी मागे खुर्चीत. त्या दहा मिनिटांत ती सगळं सांगायची. कुणाचा कुणाशी अबोला आहे, गणिताच्या तासाला कुणाला उभं केलं. पाठ माझ्याकडे असायची, म्हणून अवघड गोष्टीही सहज बोलून जायची. पाळी आल्याचंही तिने असंच, मान न वळवता सांगितलं होतं. कॉलेज सुरू झालं आणि वेण्या बंद झाल्या. आता क्लचमध्ये केस अडकवते आणि दोन मिनिटांत दाराबाहेर. वेण्यांचं काही नाही हो, माझी ती दहा मिनिटं गेली.

पावसाळ्यातली गोष्ट सांगते. महामार्गाच्या सहापदरीकरणात गाड्या अडकतात, हे आपल्या रोजचंच. सहाला येणारी पोर आठ वाजले तरी आली नाही. फोन बंद. मी तशीच स्टँडवर धावले. मनात काय काय येऊन गेलं, ते इथे बसलेल्या आयांना सांगायला नको. सव्वाआठला ती उतरली, अगदी शांत. "अगं, बॅटरी संपली होती. कंडक्टरकाकांच्या फोनवरून बाबांना कळवलं मी." माझा फोन घाईत घरीच राहिला होता, त्यावर ह्यांचे पाच मिस्ड कॉल नंतर दिसले. मी विचारलं, "मला का नाही केलास?" म्हणाली, "तू घाबरतेस आई. मग मला तुझंच टेन्शन येतं."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पोर तर शेजारी सुखरूप झोपली होती, मग भीती कसली? भीती नव्हतीच ती. अडचणीत तिने पहिला फोन मला केला नाही, ते लागलं होतं. मी ज्याला काळजी म्हणते, त्यात रस्त्याची, अंधाराची, माणसांची खरी भीती असते. ती सोडून द्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तिला माझी गरज उरली नाही, हे दुःखही त्यातच कालवलेलं असतं. त्या दुःखापायी मी तिला घरात अडकवलं, तर तो अन्याय होईल. हे मी अगदी ठामपणे म्हणते.

माझ्या आईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, 1970 साली. तेव्हा कायद्यातच मुलीच्या लग्नाचं वय 15 होतं, ते 18 झालं 1978 मध्ये. म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची असताना माझी आई सासरी भाकऱ्या थापत होती. मी शिकले, पण एस.वाय.ला असतानाच मला उजवलं, आणि तोवर बाहेर पडायचं तर भाऊ बरोबर हवा. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचं स्वतः ठरवते आणि आई ते बघत असते, हे आमच्या घराण्यात याआधी घडलेलंच नाही. लोणच्याला मीठ किती, ते आईला विचारता आलं. हे कुणाला विचारू? आणि हेवाही वाटतो मला तिचा. पोटच्या पोरीचा हेवा. बोलायला जड जातं, पण वाटतो.

बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणते. होस्टेलची चौकशीही तिनेच केली. मी अजून हो म्हटलेलं नव्हतं. रविवारी डोक्याला तेल लावायला मात्र ती अजून पाटावर बसते. गेल्या रविवारी तशीच पाठमोरी बसून म्हणाली, "आई, पुण्यात मला एकटीला जमेल का गं?"

"जमेल," मी म्हटलं, आणि पुन्हा तेलाच्या वाटीत बोटं बुडवली.