हिरवं दिसतं तेवढं साठत नाही

मंडळी, रान किती कार्बन शोषतं याचे आकडे उपग्रहावरून काढतात, पण उपग्रह कार्बन मोजत नाही. तो मोजतो उजेड, पानांवर पडून परत वर गेलेला. एवढं पक्कं धरलंत तर पुढचे निम्मे घोटाळे टळतील.

हिरवं पान तांबडा उजेड खातं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त उजेड परत फेकतं. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. हा झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. पिकानं अंगावर पडलेल्या उजेडातला किती धरला, याचा अंदाज त्यावरून येतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं चिकोडीकडचं भरात आलेलं उसाचं रान घ्या. ऑक्टोबरातला स्वच्छ दिवस. दर चौरस मीटरवर दिवसभरात २० मेगाज्यूल ऊन पडलं असं धरू. प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचं त्यातलं ४५ टक्के, म्हणजे ९. उसानं त्यातलं ८० टक्के धरलं, की उरलं ७.२. नासाच्या मोडिस उपकरणाच्या हिशेबात शेतीसाठी दर मेगाज्यूलला जास्तीत जास्त १.०४ ग्रॅम कार्बन असा दर लावतात. हवा कोरडी असली किंवा थंडी पडली की तो कापतात. कापून ०.६ पट उरला, तर हाती येतात साडेचार ग्रॅम. गुंठ्याला दिवसाकाठी साधारण साडेचारशे ग्रॅम कार्बन.

आता यातली खोट बघा. तोच १.०४ दर उसालाही आणि सोयाबीनलाही. ऊस मक्याच्या जातकुळीतला, कडक उन्हातही उजेडाचं सोनं करणारा. सोयाबीनला ते जमत नाही. त्यामुळे उसाचा आकडा कमी येतो. दुसरी खोट पिक्सेलची. मोडिसचा पिक्सेल नावाला ५०० मीटरचा, प्रत्यक्षात साधारण ४६३. म्हणजे ५३ एकरांचा एक चौकोन! आपल्याकडे ५३ एकरांत ऊस आहे, सोयाबीन आहे, रताळी आहेत, बांधावरचे आंबे आहेत, चार घरं आणि एक रस्ताही आहे. या सगळ्यांची मिळून एक सरासरी निघते आणि ती कुणाच्याच रानाची नसते.

म्हणून आधी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर पिक्सेलच्या चित्रांवरून पीक वेगळं करून घ्यावं. एका तारखेचं चित्र घेऊ नका. सोयाबीन निघालं की रान उघडं पडतं आणि मग हरभरा किंवा शाळू पुन्हा हिरवा करतो. उसात अशी खिंड नसते. मात्र गळीत हंगामात तोड झाली की उसाचं रानही उघडं दिसतं, आणि खोडवा फुटेपर्यंत संगणक त्याला पडीक समजतो. आडसाली लावण तर दीड वर्ष उभी असते. तेव्हा निदान अठरा महिन्यांची सलग मालिका हवी.

खानापुरात अडचण ढगांची. जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्वच्छ चित्र मिळणं म्हणजे लॉटरीच. तयार नकाशात ती भोकं मागच्यापुढच्या तारखांवरून बुजवलेली असतात आणि आकडा दिसतो अगदी ठणठणीत. सोबत गुणवत्तेचा वेगळा थर येतो. तो न उघडता पावसाळ्याचा आकडा वापरूच नका.

खानापुरातल्याच भीमगड अभयारण्याच्या दाट रानात एनडीव्हीआय ०.८५ च्या आसपास जाऊन थबकतो. वरची पानं भरली की खाली वीस वर्षांचं झाड आहे की शंभर, त्याला कळत नाही. तिथे रडार लागतं. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार उपग्रहाची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचते. पण झाडोऱ्याचं वजन हेक्टरी १०० टनांच्या आसपास गेलं की तीही थकते, आणि भिजलेलं जंगल जास्त भारी दाखवते. म्हणून फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशीच करावी. अवकाश स्थानकावरच्या गेडी उपकरणाच्या लेसरनं झाडांची उंची मिळते, पण त्याचा जमिनीवर पडणारा ठसा २५ मीटरचा. २० अंशांच्या उतारावर त्या ठशात जमीनच ९ मीटर वरखाली होते, आणि ते सगळं झाडाच्या उंचीत मिसळतं. घाटातले उताराचे ठसे गाळलेलेच बरे.

आता मुद्द्याचं. वरचे साडेचारशे ग्रॅम ही जमा झाली. सोसायटीच्या पासबुकात जमेला कुणी शिल्लक म्हणत नाही. त्यातला जवळपास निम्मा कार्बन ऊस स्वतःच्या श्वसनात उडवतो. मातीतले जीव आणखी खातात. उरलेला कारखान्याच्या काट्यावर जातो, आणि पाचट पेटवलंत तर तोही एका संध्याकाळी गेला. तुमचं रान इतका कार्बन शोषतं असा कागद घेऊन कुणी आलं, तर एकच विचारा: जमा दाखवताय की शिल्लक?

शेतातली टिकाऊ शिल्लक मातीत असते, आणि जमिनीखालचं उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा नमुना हवा. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के आणि मातीची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर ०.६ × १.३ × ३०, म्हणजे हेक्टरी २३.४ टन. कर्ब ०.०५ टक्क्यानं वाढला तर जवळपास दोन टनांचा फरक पडतो. इतका बारीक फरक पकडायचा, तर दरवेळी तीच जागा, तोच महिना आणि तीच खोली पाहिजे. सरीतला नमुना एका वर्षी आणि वरंब्यावरचा दुसऱ्या वर्षी, असं चालत नाही. घनतेसाठी ठरलेल्या मापाची लोखंडी नळी ठोकून न हललेली माती काढतात, वाळवून तोलतात. प्रयोगशाळेतून नुसती टक्केवारी आणलीत, तर तिचे टन करता येत नाहीत.