आवडलेलं, खपलेलं आणि कानावर पडलेलं

नमस्कार, श्रोतेहो.

चार गाणंवेडी माणसं एका खोलीत बसली की चहा गार होतो आणि वाद तापतो. लता की आशा, रफी की किशोर, भीमसेन की कुमार. आणि आवडीनिवडी बोलून झाल्या की गाडी घसरते ती नावडत्या गाण्यांवर. "ते लागलं की मी रेडिओच बंद करते," असं कुणीतरी म्हणतं आणि समोरच्याचं नेमकं तेच लाडकं गाणं असतं.

हा वाद जरूर घालावा. फक्त घालताना तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. आवडलेलं गाणं, खपलेलं गाणं आणि सारखं कानावर पडलेलं गाणं. पुन्हा सांगतो: आवडलेलं, खपलेलं, कानावर पडलेलं. लग्नाच्या वरातीत दहा वेळा ऐकलेलं गाणं आपल्याला तोंडपाठ असतं. म्हणून ते आवडतंच असं नाही, आणि त्याचा कंटाळा आला म्हणून ते वाईट असतं असंही नाही.

या तिन्हींची मोजदाद वेगळी करायला हवी, हा धडा हिंदी सिनेगीतांच्या एका रेडिओ कार्यक्रमानं फार कष्टानं गिरवला. बिनाका गीतमाला. नुसतं नाव घेतल्याबरोबर घरातल्या थोरामोठ्यांच्या कानात निवेदकाचं "बहनों और भाइयों" घुमलं असेल.

१९५२ साल. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवर सिनेगीतांचा वाटा आखडला. सिनेमाचं नाव घेणं ही जाहिरात ठरली, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं. केसकरांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, मोठमोठे गवई घरोघरी पोचले, हे ऋण मोठं आहे. पण एक दार उघडताना दुसरं लावायची गरज नव्हती, असं माझं ठाम मत आहे. पेटीचंही तसंच. १९४० पासून तीन दशकं रेडिओवर पेटीला बंदी होती. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही हे कारण खरंच आहे, पण म्हणून पेटीच्या साथीवर उभं राहिलेलं आपलं नाट्यसंगीत आणि भजन बेसूर ठरत नाही! असो. गीतमालेकडे येऊ.

तर श्रोत्यांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि कोलंबो पकडलं. रेडिओ सिलोन. महायुद्धात लष्करासाठी उभारलेलं जोरकस प्रक्षेपण केंद्र, शॉर्टवेव्हवर साऱ्या हिंदुस्थानात पोचणारं. आवाज लाटेसारखा वर यायचा, विरायचा, परत यायचा.

३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्रीचे आठ. गीतमालेचा पहिला कार्यक्रम. निवेदक अमीन सयानी. त्यांना वीस वर्षं पूर्ण व्हायला अजून अठरा दिवस होते. मानधन आठवड्याला २५ रुपये. त्या २५ रुपयांत संहिता लिहायची, निवेदन करायचं आणि आलेली पत्रंही तपासायची. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानानं कोलंबोला जायची.

सुरुवातीला ती एक स्पर्धा होती. सात गाणी लागायची, मुद्दाम उलटसुलट. श्रोत्यांनी लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम लावून पाठवायचा. बक्षीस शंभर रुपये. सात गाणी म्हटलं की सोपं वाटतं, पण सात गाण्यांचे क्रम किती होतात? ५०४०. म्हणजे नुसत्या अंदाजानं लिहिणाऱ्या पाच हजार माणसांत एखाद्याचंच उत्तर बरोबर यायचं.

पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. नऊ हजार! वर्षभरात आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. आता हिशोब करा. एक पत्र अर्ध्या मिनिटात उघडून वाचलं, तरी ६५ हजार पत्रांना ५४१ तास लागतात. आठवड्याला तास असतात १६८. तीन माणसं जेवणझोप सोडून बसली तरी पुरी पडणार नाहीत. स्पर्धा चालणंच अशक्य झालं आणि १९५४ च्या अखेरीस गीतमालेनं रूप बदललं. क्रमांक लागलेली गाणी खालून वर, पायदान पायदान चढत जायची, आणि शेवटी सगळ्यात वरचं.

पण क्रमांक ठरवायचा कशावरून? ठरावीक दुकानांतून रेकॉर्डी किती खपल्या, त्यावरून. इथेच खरी गोम होती. एखाद्या गाण्यावर लोकांच्या उड्या पडल्या की त्याची रेकॉर्ड दुकानातून संपायची. माल संपला म्हणजे विक्री शून्य. विक्री शून्य म्हणजे गाणं यादीतून खाली. सगळ्यांना हवं असलेलं गाणंच नावडतं दिसायला लागायचं. खपलेलं आणि आवडलेलं यांत फरक आहे तो हा.

त्यावर उपाय निघाला श्रोता संघांचा. गावोगावी रेडिओप्रेमींचे संघ होते. ते आपापल्या पसंतीची यादी टपालानं पाठवायचे आणि ती विक्रीच्या आकड्यांशी ताडून पाहिली जायची. एका बाजूला दुकानाचा गल्ला, दुसऱ्या बाजूला श्रोत्यांचा कौल. तिसरी अडचण राहिली: वर बसलेलं गाणं वाजतं, वाजतं म्हणून कानात बसतं, कानात बसतं म्हणून वरच राहतं. त्यालाही तोड काढली. ठरावीक आठवडे यादीत राहिलेलं गाणं "सरताज गीत" म्हणून सन्मानानं निवृत्त व्हायचं आणि खालच्या गाण्याला जागा मोकळी व्हायची. खपलेलं, आवडलेलं, कानावर पडलेलं. तिन्हींना वेगळा चाप लावला होता.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून घरच्या बैठकीचं भराभर सांगतो. सहा जण बोलवा. प्रत्येकानं दोन गाणी आणायची, एक जीव की प्राण आणि एक अजिबात न आवडणारं. बारा गाणी, प्रत्येकी साधारण चार मिनिटं, म्हणजे नुसतं ऐकणंच पाऊण तासाचं.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्याला खर्ज झेपत नाही. तबल्यातला डग्गा गायबच होतो, उरते ती तबल्याच्या कडेवरची, चाटीची टकटक, आणि मग "किती पोकळ गाणं" असा शेरा बसतो. आवाजाची पातळी सगळ्या गाण्यांना सारखी ठेवा. किंचित मोठ्यानं वाजलेलं गाणं कानाला उगाचच अधिक चांगलं वाटतं. जुन्या गाण्याची प्रतही तपासा. कुणीतरी रेकॉर्डवरून उतरवताना वेग सहा टक्के वाढला असेल तर गाणं एका पट्टीनं वर चढतं, आवाज बारीक होतो आणि दोष गायिकेच्या माथी येतो. आणि कृपा करून सुरुवातीची सुरावट कापू नका, तिच्यावर बोलूही नका. सतार, बासरी, व्हायोलिन वाजवणारे ते कलावंत बहुतेकदा अनामिकच राहतात. त्यांचे तेवढे वीस सेकंद तरी त्यांना मिळू द्यावेत.

मग दोष नेमका कोणाचा ते शोधायचं. शब्द, चाल, गायक, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण. "गाणं वाईट आहे" एवढ्यावर थांबायचं नाही.

उच्चार घ्या. "चंद्र" मधला च तालव्य, "चांदणं" मधला च दंत्य. "जीव" मधला ज वेगळा, "जुना" मधला वेगळा. मराठी न बोलणारा गायक "चांदणं" म्हणताना "चंद्र"चा च लावतो आणि ओळ परकी वाटते. तो दोष गायकाचा, आणि तालमीत न सुधारणाऱ्या संगीतकाराचाही. पण चाल आधी बांधून शब्द नंतर कोंबले असतील तर ऱ्हस्व अक्षर लांबतं, दीर्घ अक्षर चेंगरतं. तिथे गायक कितीही मोठा असो, ओळ लंगडणारच. तो दोष गायकाचा नाही.

श्वासाचंही असंच. कुमार गंधर्वांच्या गाण्यात लांबलचक ताना शोधून नाराज होणारे असतात. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी केलं होतं. त्यांनी छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी घडवली. तिथे तानेची लांबी मोजत बसलात तर निर्गुणी भजनातली एका स्वराची फेक ऐकायची राहून जाईल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गाणं संपल्या संपल्या बोलायचं नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं मत बाकीच्यांना चिकटतं. गीतमालेला पत्रं लिहिणारा प्रत्येक जण आपापल्या घरी, एकट्यानं ठरवायचा. तसंच करा. प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा द्या. गाण्याचा क्रमांक, आवडलं की नाही, आणि खाली दोष किंवा गुण कोणाचा ते एका शब्दात: शब्द, चाल, गळा, साथ, मुद्रण. कुणी कोणतं गाणं आणलं ते सांगायचं नाही. चिठ्ठ्या घडी करून डब्यात टाकायच्या आणि डबा उघडायचा तो बारावं गाणं पूर्ण संपल्यावर.